बेळगावातलं चांगल्या ऑडिओचं दुकान नेमकं कशावर चालतं?

आधी एका ॲम्प्लिफायरचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. छापील किंमत 80 हजार. गिऱ्हाईक मोबाइलवर 72 हजारांचा ऑनलाइन भाव दाखवतं आणि तेवढ्यालाच मागतं. त्यातला 18 टक्के जीएसटी बाजूला काढला की राहतात 61 हजार. वितरकाकडून माल पडलाय 56 हजारांना, म्हणजे हातात आले 5 हजार. कार्डाने पैसे घेतले तर दोन टक्क्यांनी 1,440 रुपये तिथेच गेले. टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन जोडून द्यायची हमाली आणि रिक्षाभाडं वेगळं. सगळं वजा जाता 3 हजार उरले तर चांगलं म्हणायचं. दुकानभाडं, एका पोराचा पगार आणि वीज मिळून महिन्याला 45 हजार खर्च असेल, तर असे 15 ॲम्प्लिफायर दर महिन्याला विकले गेले पाहिजेत. बेळगावात हे होत नाही.

त्यात आणखी एक खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही. ऐकवण्यासाठी उघडून ठेवलेला माल 8 लाखांचा असेल आणि पैसे 12 टक्क्यांनी उचललेले असतील, तर वर्षाला 96 हजार व्याज होतं. एकही खोकं विकलं नाही तरी महिन्याला 8 हजार गेलेच. शिवाय उघडलेला माल नव्या भावाने कुणी घेत नाही.

मग खडेबाजार, गणपत गल्ली, किर्लोस्कर रोड या पट्ट्यात जी दोन-चार माणसं अजून हे काम धरून आहेत, ती तगतात कशावर? ज्या कामाला हात आणि कान लागतात आणि जे कुरिअरने येत नाही, त्यावर. खोली मोजणं, सेट बसवणं, जुनं दुरुस्त करणं, यावर. बरेच दुकानदार हीच कामं वर्षानुवर्षं फुकट करत आले, कारण मालावर मार्जिन होतं. मार्जिन गेलं आणि फुकटची सवय मात्र राहिली. आमच्या मते दुकान बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. म्हणून ही कामं नेमकी काय आहेत आणि त्यांना पैसे का पडतात, ते इथे नीट सांगतो.

खोली

हा भाग दुकानदारालाही अवघड वाटतो, पण गणित शाळेतलं आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट बरोबर बसते, तो सूर त्या खोलीत घुमतो. 343 ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की तो सूर मिळतो. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर, म्हणजे 56 हर्ट्झ. 12 फुटांना 47 हर्ट्झ. अनगोळ-वडगावकडच्या नव्या घरांत 10 बाय 10 ची खोली आणि 10 फुटांवर स्लॅब असं सर्रास असतं. तिथे तिन्ही दिशांचा घुमार एकाच 56 हर्ट्झवर येऊन बसतो. असली चौकोनी पेटी ऐकायला सगळ्यात वाईट. त्यातल्या त्यात वाईट नाही असा लांबट हॉल घ्या, 10 बाय 16 चा. 16 फुटांचा पहिला घुमार 35 हर्ट्झला आणि दुसरा 70 ला. आता काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, किती? सुमारे 69 हर्ट्झ. म्हणजे हॉलच्या बरोबर मध्ये, आठ फुटांवर खुर्ची टाकली तर खर्ज ढोलासारखा घुमतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फुटांवर नेली तर तोच खर्ज नाहीसा होतो आणि तंबोरा पत्र्याचा वाटतो. सहा फुटांवर बसलं की प्रमाणात येतो. स्पीकर तोच, ॲम्प्लिफायर तोच, खुर्ची फक्त दोन फूट हलली.

धारवाड-हुबळी-बेळगाव हा ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांचा पट्टा. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा. इथल्या श्रोत्याला तंबोरा बेसूर-बसका झालेला लगेच कळतो, फक्त दोष खोलीचा आहे हे कळत नाही. तो स्पीकर बदलायला निघतो. त्याला दीड लाखाचे स्पीकर विकून मोकळं होता येतं, पण नव्या स्पीकरांनीही तेच होणार, आणि तो माणूस परत येणार नाही.

खोली मोजायला लागतात एक यूएसबी मायक्रोफोन (मिनीडीएसपीचा यूमिक-1 बऱ्याच जणांकडे असतो), एक लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण 95 ते 100 सेंमीवर, स्टँडवर लावायचा. हातात धरायचा नाही. पंखा, फ्रीज बंद. आवाज 75 डेसिबलच्या आसपास ठेवून 20 ते 20,000 हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर, सोडायचा. पहिल्यांदा फक्त 300 हर्ट्झच्या खालचा आलेख बघायचा, वरचे दातेरी चढउतार पाहून घाबरायचं नाही. मग खुर्ची एकेक फूट पुढेमागे करत पाच-सहा मोजणी घ्यायच्या. त्यानंतर स्पीकर. वूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) मागच्या भिंतीपासून 60 सेंमीवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट 143 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाते आणि तिथे खड्डा पडतो. अंतर बदललं की खड्डा सरकतो. हे सगळं करायला दीड-दोन तास जातात. याचे दीड हजार रुपये लावले तर ते जास्त नाहीत, आणि पुढे खरेदी झाली तर तेवढे वळते करून देता येतात.

टाळी वाजवल्यावर 'टर्रर्र' असा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींत वरचे सूर ये-जा करतायत. व्हिट्रिफाइड फरशी आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असलेल्या फ्लॅटमध्ये हे हमखास सापडतं. त्याला 50 मिमी जाडीच्या, घनमीटरला 48 किलो घनतेच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) 2 बाय 4 फुटांच्या पाट्या लागतात, चार ते सहा, भिंतीपासून दोन इंच सोडून. चौकट इथला सुतार करून देतो. वरून लावायचं कापड सैल विणीचं सुती हवं. तोंडाला लावून फुंकर मारायची, हवा आरपार गेली तर चालतं. रेक्झिन लावलं तर पाटीचा उपयोग संपला. आणि या पाट्यांनी 70 हर्ट्झचा घुमार जाणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. अंड्यांच्या ट्रेने तर काहीच होत नाही. जांभ्याच्या भिंतींची जुनी कौलारू घरं मात्र बासच्या बाबतीत सुखाची असतात. लाकडी माळ्यातून आणि कौलांतून खालचे सूर बरेचसे निसटून जातात, म्हणून घुमार कमी.

वॅटचं एवढंच सांगून पुढे जाऊ. वॅट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. 86 डेसिबल संवेदनशीलतेच्या (एका वॅटला एक मीटरवर 86 डेसिबल देणाऱ्या) स्पीकरची जोडी आणि अडीच मीटरवर बसलेला माणूस धरला, तर एका वॅटलाच कानाशी 81 च्या आसपास पडतात, 50 वॅटला 98, 100 वॅटला 101. घरच्या हॉलसाठी 50 वॅट पुरतात. वायरचंही तसंच. स्पीकरपर्यंत 10 मीटर अंतर असेल तर घरच्या वायरिंगची 2.5 चौ. मिमीची चांगली तांब्याची वायर दोन्ही बाजू मिळून 0.15 ओहमच्या आसपास अडथळा करते. 8 ओहमच्या स्पीकरला ते किरकोळ आहे. महागडी वायर न विकता हे सांगणाऱ्या दुकानावर माणूस पुढच्या वेळी डोळे मिटून भरवसा ठेवतो.

थाळी आणि सुई

रेकॉर्ड प्लेअरकडे तरुण पोरं परत वळलीत आणि जुन्या घरांच्या माळ्यावरून आजोबांच्या तबकड्याही खाली येतायत. लहान गावातल्या दुकानाला हे काम सोन्यासारखं आहे, कारण प्लेअर खोक्यातून काढून नुसता प्लग लावला तर तो नीट वाजतच नाही. आधी पाणसळ लावून पाया सपाट करायचा. मग टोनआर्म (सुईचा दांडा) तरंगता करून वजन शून्यावर आणायचं आणि कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलेला भार लावायचा. ऑर्टोफॉनच्या 2एम रेडला तो 1.8 ग्रॅम आहे. मागच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नये, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. काट्याची ताटली रेकॉर्डच्याच पातळीवर यायला हवी, काटा उंच ठेवला तर आकडा चुकतो. 'रेकॉर्ड घासेल' म्हणून लोक भार कमी ठेवतात, आणि नेमकं त्यानेच रेकॉर्ड खराब होते. हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटते. तार सप्तकातल्या 'स' ला आवाज फाटत असेल तर आधी भार तपासायचा, मग सुईवरची घाण, मग खाच आधीच गेलेली आहे का ते.

वेग तपासायला 50 हर्ट्झची स्ट्रोब तबकडी घ्यावी. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी तिच्यावर 180 रेघा असतात आणि वेग बरोबर असला की त्या स्थिर दिसतात. मात्र घरातले एलईडी दिवे बऱ्याचदा लुकलुकतच नाहीत, मग रेघा कधीच थांबत नाहीत आणि चांगला प्लेअर बिघडलेला वाटतो. जुन्या टेस्टरमधला नारिंगी निऑन दिवा किंवा चोकवाली ट्यूब वापरावी. मुलाने अमेरिकेहून आणलेल्या प्लेअरचा घोळ आणखी वेगळा. तिथली वीज 60 हर्ट्झची. एसी सिंक्रोनस मोटरचा प्लेअर इथे नुसता 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवला, तर सहातला एक भाग हळू फिरतो आणि गाणं जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतं. व्होल्ट बदलून वेग बदलत नाही. त्याला 50 हर्ट्झची पुली लागते.

जुन्या 78 च्या लाखेच्या तबकड्यांबाबत दोन चुका परत न सुधारणाऱ्या आहेत. एलपीची सुई टोकाला सुमारे 18 मायक्रॉनची असते, 78 च्या खाचेला साधारण 75 मायक्रॉनची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते, खरखर ऐकू येते आणि सुईही जाते. दुसरी चूक म्हणजे स्पिरिट. एलपी धुताना थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. 78 ला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मग मऊ कापडाने टिपून उभी वाळत ठेवायची. खानापूरकडच्या पावसात चार महिने बुरशी धरते, तेव्हा तबकड्या ओल येणाऱ्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नयेत. जुने बुरसटलेले कागदी खिसे फेकून द्यावेत, नाहीतर धुतलेली तबकडी महिन्याभरात परत तशीच.

दुरुस्तीचं टेबल

नियमित रोकड देतं ते हेच. कुठलाही बंद ॲम्प्लिफायर थेट लाइनवर लावायचा नाही, आधी सिरीज बोर्डवर, 100 वॅटच्या पिवळ्या बल्बमधून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. झाकण उघडल्यावर निम्म्या वेळा सप्लायच्या बोर्डवर वाळलेली पाल सापडते. मग स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर चालेल, व्होल्टमध्ये असेल तर स्पीकर जोडायचाच नाही, कॉइल जळते.

आउटपुट ट्रान्झिस्टर बदलताना सगळ्यात मोठा धोका नकली मालाचा. 5200 आणि 1943 या नंबरांची जोडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडला कुठेही मिळते, पण त्यात बनावट भरपूर. आतली सिलिकॉनची चकती लहान असते, हळू आवाजात तासभर छान वाजतं आणि लग्नाच्या दिवशी उडतं. अधिकृत वितरकाचं बिल असलेलाच माल घ्यावा, आणि प्रत्येक लॉटमधला एक फोडून चकती पाहावी. एका ट्रान्झिस्टरचे पैसे जातात, पण तोच सेट दुसऱ्यांदा फुकट करून द्यायचं वाचतं.

वूफरच्या कडेचा फोम 10 ते 20 वर्षांत चुरा होतो. माणूस 'स्पीकर गेला' म्हणून भंगारात द्यायला निघतो, पण कोन आणि कॉइल बहुतेकदा धडधाकट असतात. जुना फोम आणि गोंद पूर्ण खरवडायचा, आयसोप्रोपिलने पुसायचा, नवी कड कोरडीच बसवून पाहायची. आधी कोनाला चिकटवायची आणि सुकू द्यायची. चौकटीला चिकटवताना 20-30 हर्ट्झचा हळू सूर चालू ठेवायचा आणि कोन हलत असताना बोटांनी मध्यावर आणायचा. कॉइल घासली तर बारीक खरखर येते. गोंद ओला असेपर्यंत ती दुरुस्त होते, नंतर नाही. 24 तास हात लावायचा नाही. पीए (सभा-समारंभाच्या) स्पीकरची जाड कापडी कड घरच्या वूफरला लावायची चूक फार जण करतात. कड ताठ, म्हणून कोन पुरेसा हलत नाही आणि बास पातळ होतो.

गुणगुणण्याच्या तक्रारी वेगळ्या. आधी केबल टीव्हीची वायर काढून बघायची, बऱ्याचदा गुणगुण तिथेच थांबते. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवावं. उन्हाळ्यात मुरमाड जमीन सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालावं लागतं. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढायची नाही. ती पिन जीव वाचवायला आहे.

सीमेवरचा धंदा

बेळगावच्या दुकानाचं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडी, गोवा इकडूनही येतं. म्हणून कर समजून घ्यायला हवा. छोटा दुकानदार सोपं पडतं म्हणून जीएसटीची कंपोझिशन योजना घेतो. त्यात परराज्यात माल विकता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीच्या पुढे गिऱ्हाईक असलेल्याने ती घेऊ नये. नेहमीच्या नोंदणीत मुंबईहून आणलेल्या मालावरचा आयजीएसटी (परराज्यातल्या व्यवहारावरचा जीएसटी) वळता होतो. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता महाराष्ट्रातला लिहिला तर आयजीएसटी, कर्नाटकातला असेल तर दोन भागांत 9-9 टक्के. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे 18 च पडतात. माल 50 हजारांच्या वर आणि हद्द ओलांडणार असेल तर ई-वे बिल काढूनच गाडीत चढवावा.

बसच्या पार्सलने प्लेअर पाठवताना थाळी काढून वेगळी गुंडाळावी, मागचं वजन काढावं, आर्म दोऱ्याने बांधावा, सुईला टोपी. थाळी तशीच ठेवली तर खड्ड्यांत ती बेअरिंगवर आपटत राहते, आणि कायमची घरघर लागते.

कंपन्यांच्या मालकीकडेही लक्ष असावं. ओंक्योची घरगुती ऑडिओची कंपनी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली. डेनॉन, मरँट्झ, बॉवर्स अँड विल्किन्स 2025 मध्ये हरमनकडे आले, आणि हरमन 2017 पासूनच सॅमसंगचं. मालक बदलला की वितरक बदलू शकतो, आणि वितरक बदलला की सुट्या भागांची पंचाईत. म्हणून एकाच घराण्याच्या मालावर सगळं दुकान लावू नये. ऐकवण्यासाठी स्पीकरच्या दोन जोड्या, एक ॲम्प्लिफायर, एक प्लेअर एवढं बास. बाकी जागा टेबलाला द्यावी. ऐकायची वेळ फोनवर ठरवून द्यावी. सेट घरी दोन दिवस ऐकायला न्यायचा असेल तर अनामत घ्यावी. आणि मोजणी, जोडणी, सुई बसवणं, दुरुस्ती पाहणं, या सगळ्यांचे दर भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लावावेत. दर दिसला की घासाघीस होत नाही.

आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. त्या धंद्यात शिरायचं कारण नाही. पण शिवजयंतीपासून गणपतीपर्यंत देवळं आणि भजनी मंडळांची कामं असतात, ती घ्यावीत. काँक्रीटच्या घुमटाखाली भोंगा लावला की हरिपाठाचा एक शब्द कळत नाही. त्याऐवजी खांबाला, बसलेल्या लोकांच्या कानाजवळ, दोन-चार कॉलम स्पीकर कमी आवाजात लावावेत. 100 व्होल्टच्या लाइनवर सगळ्या स्पीकरचे टॅप (प्रत्येकावर निवडलेले वॅट) मिळून ॲम्प्लिफायरच्या वॅटच्या 80 टक्क्यांच्या आत ठेवावेत.

एवढं काम एकट्याने होत नाही. आयटीआयतून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक शिकून आलेल्या पोराला पहिले सहा महिने सिरीज बोर्ड, सोल्डर आणि मल्टिमीटर यापलीकडे जाऊ देऊ नये. मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या हातात एक जाड वही द्यावी. मॉडेल, तक्रार, सापडलेला दोष, बदललेल्या भागाची किंमत आणि त्याचं माप, लागलेले तास. वर्षाने तीच वही उघडून कामाचे दर ठरवता येतात.